दहा वाजता बॅच येते आणि माझ्या पोटात गोळा येतो

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

मॅडम, मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनची जेआर-टू (दुसऱ्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट) आहे. युनिटमधल्या असिस्टंट प्रोफेसर मॅडम मोठ्या रजेवर गेल्यापासून फायनल इयरच्या बॅचची क्लिनिक्स (पेशंटपाशी घ्यायचे तास) सरांनी माझ्याकडे दिली आहेत. बारा मुलं रोज दहाला येतात. मला स्वतःलाच अजून सगळं येत नाही, यांना काय शिकवणार? इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी तर धड उभंही राहवत नाही. मुलांचं अर्धं लक्ष मोबाइलवर असतं, सगळं अ‍ॅपवर मिळतं म्हणतात. माझा को-रेसिडेंट क्लिनिक घेतो तेव्हा मात्र गर्दी होते. तो मजेत बोलतो आणि परीक्षेला काय येणार ते सांगतो. मागच्या आठवड्यात एका मुलानं पेशंटसमोर काहीतरीच उत्तर दिलं आणि मी ओरडले, ‘इतकंही येत नसेल तर इथे येता कशाला?’ त्या दिवसापासून तो आलेला नाही. आमच्या सीनियर्सनी आम्हाला याहून वाईट बोलून शिकवलं आणि आम्ही शिकलोच, तरी मला ते डाचतंय. रूममेट म्हणते, युजींना (एमबीबीएसच्या मुलांना) शिकवून तुला काय मिळणार, थिसिस बघ. सरांना सरळ ‘मला जमणार नाही’ असं सांगून टाकू का?

प्रिय डॉक्टर,

माझं आयुष्य मेडिसिन शिकवण्यात गेलं आणि रेसिडेंट्सना मी कधी अहो-जाहो केलं नाही, म्हणून तुलाही ‘तू’च म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले: ‘मला स्वतःलाच अजून सगळं येत नाही.’ ज्याला सगळं येतं त्यानंच शिकवावं, असं तू धरून चालली आहेस. तुझी निम्मी धास्ती तिथूनच येते आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

मी फायनल इयरला होते तेव्हा आमचे प्रोफेसर फार मोठे क्लिनिशियन होते. ते पोटावर हात ठेवायचे, क्षणात म्हणायचे, ‘स्प्लीन, चार बोटं,’ म्हणजे पाणथरी चार बोटं वाढली आहे, आणि बाजूला व्हायचे. आम्ही एकेक जण पुढे जायचो, हात ठेवायचो, मान डोलवायचो, मागे सरायचो. माझ्या हाताला काही म्हणजे काही लागत नसे. हे मी कुणाला सांगितलं नाही; बाकीच्यांना लागतं आणि मलाच लागत नाही, अशी माझी खात्री होती. एका संध्याकाळी वॉर्डात केस लिहीत होते. एका शेतमजूर बाईंच्या डाव्या बरगड्यांखाली बोटं खुपसून पाणथरी शोधत होते. युनिटमधले सेकंड इयरचे रेसिडेंट तिथून जाता जाता थांबले. ‘लागतेय?’ मी हो म्हटलं. ‘कुठे संपते ते दाखव.’ मला दाखवता येईना. त्यांनी बाईंना विचारलं, ‘मावशी, हिला जरा दाखवतो, चालेल ना?’ आणि माझा हात उचलून थेट पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, कुशीत ठेवला. ‘मोठी झालेली स्प्लीन या बाजूला वाढत येते. तू वरून सुरुवात केलीस की बोटं आधीच तिच्यावर असतात, मग कड लागणार कशी? आता हात दाबून ठेव आणि हलवू नकोस. मावशींना श्वास घेऊ दे. स्प्लीन तुझ्याकडे येईल.’ मावशींनी श्वास घेतला. काही नाही. हात थोडा वर सरकवला, पुन्हा श्वास. तिसऱ्या की चौथ्या वेळेला बेंबीच्या जरा पलीकडे एक टणक कड माझ्या बोटांना येऊन टेकली आणि श्वास सुटताच मागे गेली.

‘मीपण वर्षभर वरूनच दाबत होतो,’ ते म्हणाले आणि सलाइन बघायला निघून गेले. जेमतेम तीन मिनिटं गेली असतील.

प्रोफेसरांना त्या रेसिडेंटपेक्षा दसपट जास्त येत होतं यात शंका नाही. पण आपण स्वतः कुठे अडखळलो होतो हे त्यांना आठवत नव्हतं. त्या गोष्टीला वीस-पंचवीस वर्षं झाली होती. रेसिडेंट चार-पाच वर्षांपूर्वीच त्या खड्ड्यात पडून उठले होते, त्यामुळे मी नेमकी कुठे पडले आहे ते त्यांना माझा हात बघूनच कळलं. तुझ्याकडे आज हेच आहे. आणखी दहा वर्षांनी ते तुझ्याकडे असणार नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. शेवटी शेवटी माझ्या विद्यार्थ्यांना काय कळत नाही हे मला माझ्या रेसिडेंट्सना विचारावं लागे.

तेव्हा आज रात्री एक काम कर. तुला फायनलला असताना काय काय कळत नव्हतं ते आठवून एका कागदावर लिही. जेव्हीपी, म्हणजे मानेतल्या शिरेतला दाब, बघताना मान किती वळवायची, पेशंट ४५ अंशांवर आहे हे कसं ठरवायचं. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची झडप अरुंद झाल्याचा) मर्मर पुस्तकात वाचला होता पण कानाला पहिल्यांदा कधी लागला, डाव्या कुशीवर वळवल्यावर आणि स्टेथोस्कोपची बेल हलकीच टेकवल्यावर की आधी. प्लांटर रिफ्लेक्सला तळव्यावर नेमकं कुठून कुठे ओरखडायचं. असे दहा-बारा मुद्दे निघाले तरी महिन्याभराच्या क्लिनिक्सची सोय झाली. उरलेलं येत नसेल तर ‘मला माहीत नाही, उद्या बघून येते, तूही बघून ये’ असं म्हण. फक्त दुसऱ्या दिवशी खरंच बघून जा आणि विषय स्वतःहून काढ. ज्यांच्या तोंडून मुलांनी ‘मला माहीत नाही’ ऐकलेलं असतं, त्यांच्यापाशीच ती स्वतःचं अज्ञान कबूल करतात.

मोबाइलचं म्हणशील तर माझं मत तुझ्याहून वेगळं आहे. अ‍ॅपवर जे उत्तम मिळतं तेच तू वॉर्डात तोंडी सांगत बसलीस, तर मुलं मोबाइल बघणारच. हार्ट फेल्युअरचं वर्गीकरण, औषधांचे डोस, न्युमोनियाची कारणं हे त्यांना घरी वाचू दे. वॉर्डात ते दाखव जे वॉर्डाबाहेर कुठेच नाही. एक उदाहरण देते. आपल्या ओपीडीत दर चौथा माणूस ‘चक्कर येते’ म्हणतो. मुलगा लगेच ‘व्हर्टिगो’ लिहून मोकळा होतो. त्याला त्याच पेशंटपाशी परत ने आणि विचारायला लाव: ‘आजी, घर गरगर फिरल्यासारखं होतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो?’ आजी म्हणणार, ‘नाय बाबा, फिरत काय नाय, उठलं की अंधारी येतीय.’ झालं, व्हर्टिगो गेला. आता बीपी झोपवून आणि उभं करून घ्यायचं, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते बघायचं, डोळ्याची खालची पापणी ओढून फिकेपणा बघायचा. एका ‘चक्कर’ शब्दाच्या पोटात तीन वेगवेगळे आजार असतात. तसंच ‘दम लागणं’, ‘कळ’, ‘चमक’, ‘ठणका’, ‘मुंग्या’, ‘कसंतरी होणं’. बॅचमध्ये परराज्यातली मुलं असतील तर त्यांना याची जास्तच गरज आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जण पेशंटच्या नातेवाइकांच्या तोंडाकडे बघत उभे राहतात आणि आपल्याला वाटतं, यांना रस नाही.

मुलं भिंतीला टेकून उभी राहतात त्याचं आणखी एक कारण असतं. त्या वॉर्डात त्यांचं काही काम नसतं. २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘लर्नर-डॉक्टर’ पद्धत आली आहे: विद्यार्थ्यानं एक पेशंट आपला मानायचा, त्याच्या मागे राहायचं, देखरेखीखाली उपचारात भाग घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी ते लॉगबुकातल्या सहीपुरतं राहतं. तू ते खरं करू शकतेस. दोघांना मिळून एक बेड दे. राउंडला त्या पेशंटबद्दल पहिलं वाक्य त्यांनी बोलायचं. आज लघवी किती झाली, क्रिएटिनिन कालपेक्षा वर की खाली, जेवला का, घरून कोण येतं. चार दिवसांत बघ, मुलं दहाच्या आधी येऊन रिपोर्ट शोधू लागतील. मात्र त्यांना सॅम्पल पोहोचवणारे हमाल करू नकोस. पाठवायचंच असेल तर एबीजीची (रक्तातल्या वायूंच्या तपासणीची) सिरिंज हातात देताना एवढं सांग की रक्तातल्या पेशी सिरिंजमध्येही ऑक्सिजन वापरत राहतात, म्हणून रेंगाळू नकोस. तोच फेरा मग शिकण्याचा होतो.

वेळेकडे येते. वेळ नाही ही तुझी तक्रार शंभर टक्के खरी आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग काम सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावं असं लिहिलेलं आहे, आणि तुम्ही किती तास करता ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे ‘थोडा वेळ काढ’ असं मी सांगणार नाही. मात्र शिकवणं म्हणजे कामानंतरचे वेगळे दोन तास, असं जे तुझ्या मनात आहे ते सोडून दे.

इमर्जन्सीच्या संध्याकाळी बॅचमधल्या दोघांना बोलाव. समज, साप चावलेला पेशंट आला. तू रक्त घेतलंस आणि दोन मिली स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घातलंस. ती नळी त्या दोघांपैकी एकीच्या स्वाधीन कर. ‘वीस मिनिटं हलवायची नाही, हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी तिरकी करायची आणि मला हाक मारायची.’ काचेचीच का, साबणानं धुतलेली का चालत नाही, हे जाता जाता सांग: साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही आणि विष नसताना विष आहे असं वाटतं. दुसऱ्याला पेशंटच्या पापण्यांकडे बघत बसव. पापण्या जड होताहेत का, एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजता येतात, दर पाच मिनिटांनी लिही म्हणावं. तू तुझी दुसरी कामं कर. वीस मिनिटांनी ‘मॅम, रक्त पातळच आहे’ अशी हाक येईल, तेव्हा तिला कोअ‍ॅग्युलोपथी, म्हणजे रक्त न गोठणं, काय असतं ते व्हिडिओ न बघता कळलेलं असेल, आणि तुलाही दोन डोळे जास्तीचे मिळालेले असतील.

दिवसाच्या घाईसाठी एक युक्ती आहे. ती माझी नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये ती मांडली आणि तिला ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ हे नाव पडलं. मुलगा केस सांगतो: पंचावन्न वर्षांचे काका, दम लागतो. तू निदान सांगायचं नाहीस. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचार आणि गप्प राहा. ही शांतता फार अवघड जाते, आपल्यालाच उत्तर द्यायची घाई असते. तो म्हणेल, ‘हार्ट फेल्युअर.’ ‘कशावरून?’ ‘रात्री दोन उशा लागतात, पायाला सूज आहे.’ मग एकच नियम दे, पुढच्या पेशंटलाही लागू पडेल असा: दम लागणाऱ्या प्रत्येकाला, आडवं झाल्यावर काय होतं, हे विचारायचंच. काय बरोबर केलं ते नेमकं सांग. ‘गुड’ म्हणून भागत नाही; ‘उशा किती लागतात ते विचारलंस, हे बरोबर केलंस’ असं सांग. आणि राहिलेलं दाखव: ‘जेव्हीपी बघितली नाहीस. चल, आत्ता बघू.’ खरंच मिनिटभर नाही, पण चार-पाच मिनिटांत होतं. राउंडमध्ये असे दोनच पेशंट केलेस तरी पुरे.

आता तो मुलगा.

‘आम्ही असंच शिकलो’ असं तू लिहितेस. तुम्ही शिकलात, पण ते बोलण्यांमुळे शिकलात की बोलणी खाऊनही शिकलात, हे एकदा शांतपणे आठव. बोलणी खाल्ल्यावर मी तरी एकच गोष्ट पटकन शिकले होते: येत नसेल तर लपवायचं. स्प्लीन लागली नाही तरी मान डोलवायची. विद्यार्थी असताना यात कुणाचा जीव जात नाही. इंटर्न झाल्यावर जाऊ शकतो. एकदा रात्री तीन वाजता माझ्या युनिटमधली एक इंटर्न रेसिडेंटला उठवायला गेली आणि म्हणाली, ‘मॅम, क्रॉसमॅचच्या दोन बल्बवर मी नावं उलटी टाकली असावीत.’ हे बल्ब म्हणजे रक्त जुळवून बघायला रक्तपेढीत पाठवलेल्या सॅम्पलच्या नळ्या, आणि तिथून पिशव्या यायच्या होत्या. दोन फोन, दोन नवी सॅम्पल्स, विषय संपला. मी नंतर त्या मुलीला विचारलं, घाबरली नाहीस? ती म्हणाली, ‘त्या मॅम ओरडत नाहीत. आधी ऐकून घेतात.’ दुसरी कुणी ड्युटीवर असती तर ती मुलगी उठवायला गेली असती का, हा प्रश्न मला आजही पडतो.

याचा अर्थ चुका पोटात घालायच्या असा नाही. चुकीमुळे पेशंटला इजा होणार असेल तर तिथल्या तिथे, हळू आवाजात हात थांबव. बाकी सगळं पडद्याबाहेर, कॉरिडॉरमध्ये सांग. प्रश्न विचारताना सगळ्यात हुशार मुलाला शेवटी विचार, नाहीतर त्याच्या उत्तरानंतर बाकीची तोंडं बंद होतात. उत्तर चुकलं तर ‘हे तुला कशावरून वाटलं?’ म्हण, चूक कुठल्या वळणावर झाली ते त्यातच सापडतं, आणि पुष्कळदा त्याचा विचार बरोबर असतो, एक पायरी तेवढी निसटलेली असते.

तुझ्या पत्रात आणखी एका माणसाचा नुसता उल्लेख येऊन जातो: ज्यांच्यासमोर हे झालं ते पेशंट. बारा मुलांनी घेरलेला, सदरा वर केलेला माणूस, आणि त्याच्या पोटावरून दोन डॉक्टरांचं भांडण. ते अजून वॉर्डात असतील तर त्यांच्यापाशी जाऊन ‘काका, त्या दिवशी माझा आवाज चढला, चुकलं’ एवढं म्हण. आणि यापुढे बॅच घेऊन जाताना आधी विचार, पडदा ओढ, आणि एका पेशंटला तीन-चार हातांपेक्षा जास्त लावू देऊ नकोस. तू विचारतेस की नाही हे मुलं बघत असतात आणि पुढे आयुष्यभर तसंच वागतात.

को-रेसिडेंटबद्दल फार लिहीत नाही. त्याचं मजेत बोलणं उसनं आणू नकोस, तुला ते शोभणार नाही आणि गरजही नाही. परीक्षेला काय येतं हे सांगण्यात काही गैर नाही. मुलांना पास व्हायचंय. त्याच्याशी वाटणी करून बघ: परीक्षेच्या तोंडावरची क्लिनिक्स त्यानं घ्यावीत, बेडपाशी बसून हळूहळू तपासायला शिकवणं तुझ्याकडे.

रूममेटलाही एक गोष्ट सांग. पदवीच्या मुलांना आणि इंटर्नना शिकवण्यात भाग घेणं हे पीजीच्या नियमांतच लिहिलेलं आहे, ती कुणाची मेहेरबानी नव्हे. आणि इतिहास बघितला तर, १८९० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम ऑस्लर विद्यार्थ्यांना बाकांवरून उठवून वॉर्डात घेऊन आले, आणि रेसिडेंट ही पद्धतही त्याच रुग्णालयात रुजली. दोन्ही एकत्रच वाढलं. इतकी पुस्तकं आणि पदं नावावर असलेल्या ऑस्लरना आपली ओळख काय राहावी असं वाटत होतं, तर वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणारा माणूस, एवढीच. थिसिस महत्त्वाचा आहे, तो कर. पण एमडीच्या प्रॅक्टिकलला परीक्षक ‘दाखव’ म्हणेल, तेव्हा रोज बारा जणांना दाखवलेलं हाताशी येतं, हेही तिला सांग.

राहिला सरांचा प्रश्न. ‘जमणार नाही’ म्हणण्याचा तुला हक्क आहे, आणि तुझी तब्येत किंवा मन खरंच खचलेलं असेल तर तेच सांग, अपराधी वाटून न घेता. उलट सगळं निमूटपणे ओढत राहिलीस, तर असिस्टंट प्रोफेसरांची जागा रेसिडेंटनं भरायची हीच पद्धत पडेल आणि पुढच्या जेआरच्या गळ्यात येईल. ते मला मान्य नाही. मला या दोन्हींमधलं काहीतरी बरं वाटतं. सरांकडे लेखी वेळापत्रक घेऊन जा: ‘सर, आठवड्यातून तीन दिवस, दहा ते अकरा, मी घेईन. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी घेणार नाही. एक दिवस जेआर-थ्री सर घेतील. दोन दिवस तुम्ही किंवा दुसऱ्या युनिटमधल्या मॅडम घ्याल का? आणि महिन्यातून एकदा माझं क्लिनिक मागे उभं राहून बघाल का?’ शेवटची विनंती गाळू नकोस. प्राध्यापकांना बढतीसाठी शिकवण्याचा मूलभूत कोर्स करावा लागतो. रेसिडेंटच्या हातात बहुतेक ठिकाणी काहीच न सांगता बॅच दिली जाते. कुणीतरी बघून ‘इथे घाई केलीस’ असं सांगणारं तुला हवं आहे, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

त्या मुलाची वॉर्डात वाट बघत बसू नकोस. बॅचच्या सीआरकडून (वर्गप्रतिनिधीकडून) नंबर घे आणि आज संध्याकाळीच फोन कर. ‘उद्यापासून ये’ असं मोघम सांगू नकोस, त्याला वाटेल हजेरीसाठी बोलावतेय. त्या दिवशी तू चुकीचं बोललीस हे आधी सांग, पुढे ‘पण’ जोडू नकोस. मग त्याला एखादा बेड दे, नंबरासकट. आणि उद्या दहाला न बोलावता साडेनऊला बोलाव, बाकीचे यायच्या आत, म्हणजे त्या पेशंटचं पोट तुम्ही दोघं मिळून नीट तपासू शकाल.